मिस्त्रींच्या घरातला पेंटर

एकांकिका स्पर्धांचा मोसम सुरू झाला की प्रत्येक कॉलेजात एक सीन हमखास दिसतो. हॉलमध्ये तालीम चालू असते, दिग्दर्शक ओरडत असतो, नट घाम पुसत असतात आणि कोपऱ्यात जमिनीवर बसून एखादा फर्स्ट इयरचा मुलगा किंवा मुलगी थर्माकोल कापत असते. ऑडिशनमध्ये रोल मिळाला नाही म्हणून त्याला बॅकस्टेजला टाकलेलं असतं. हातात कटर, बोटांना फेविकॉल आणि समोर एक यादी : एक कंदील, एक बंदूक, एक जुना रेडिओ, एक मोडकी खुर्ची. बजेट जेमतेम. वेळ तीन दिवस. आणि आयुष्यात यापूर्वी त्याने बनवलेली एकमेव वस्तू म्हणजे शाळेतला ज्वालामुखीचा प्रोजेक्ट!

प्रॉपर्टी सांभाळणाऱ्या, बनवणाऱ्या या मंडळींचं नाव पोस्टरवर बारीक अक्षरात येतं. कधी येतही नाही. पण मराठी सिनेमाचा इतिहास उघडला तर त्याच्या पहिल्याच काही पानांवर असा एक माणूस भेटतो, ज्याची सगळी सुरुवात या पडद्यामागच्या कामातून झाली. त्याने आधी पडदे रंगवले, मग सेट उभारले, मग चक्क कॅमेरा बनवला आणि मग त्या कॅमेऱ्याने चित्रपट काढले. कॉलेज नाही, कोर्स नाही, शिकवायला कोणी नाही. नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो ते बाबूराव पेंटर म्हणून.

घरातच वर्कशॉप

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव हे कारागीर माणूस. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम यांचं घरात येणंजाणं होतं. म्हणजे ज्या वयात आपल्याकडे खेळणी असतात, त्या वयात या मुलाच्या आजूबाजूला पटाशी, रंधा, कानस, भाता अशी हत्यारं होती. लाकूड कोणत्या बाजूने तासलं तर फाटतं, लोखंड किती तापलं की वाकतं, माती कधी चिकटते आणि कधी भेगाळते, हे त्याला पुस्तकातून वाचावं लागलं नाही. बघून बघून हातात आलं.

शाळेचं शिक्षण त्यांना फारसं मिळालं नाही. चित्रकलेचं रीतसर शिक्षण तर अजिबात नाही. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट होतं, पण बाबूराव तिथे गेले नाहीत. तरी ते ज्या पद्धतीने चित्रं काढायला आणि शिल्पं घडवायला शिकले, ती पद्धत मात्र तिथल्याच वळणाची होती. माणसाच्या शरीराची मापं, छायाप्रकाश, लांबची वस्तू लहान दिसण्याचं गणित, हे सगळं त्यांनी स्वतःच पचवलं.

त्या काळचं कोल्हापूर यासाठी फार चांगली जागा होती, हेही खरं. गादीवर राजर्षी शाहू महाराज. कुस्ती, गाणं, नाटक, चित्रकला या सगळ्यांना दरबाराचा आधार. आबालाल रहिमान यांच्यासारखा चित्रकार याच गावात राहून काम करत होता. १९१५ च्या सुमारास इथे पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. गावात कलेला किंमत असली की शिकणाऱ्या मुलाला निदान एवढं कळतं की, आपण करतोय ते वेडेपणाचं नाही.

बाबूरावांना जोडीदारही मिळाला. नात्याने भाऊ लागणारे आनंदराव मिस्त्री. तेही कलाकार, तेही यंत्रवेडे. पुढची काही वर्षं ही जोडी एकत्रच राहिली. लोक दोघांनाही पेंटर म्हणू लागले आणि मिस्त्री हे आडनाव मागे पडलं.

पडद्यांची शाळा

१९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्यांमध्ये या दोघा भावांचं नाव अगदी वर होतं. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ. केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ ही त्यातली मोठी कंपनी. मराठी कंपन्यांसाठी त्यांनी पडदे केलेच, शिवाय गुजराती आणि पारशी रंगभूमीसाठीही केले.

आज पडदा म्हटलं की आपल्याला मागचं काळं कापड आठवतं. तेव्हाचा पडदा म्हणजे अख्खं लोकेशन असायचं. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ. एका प्रवेशातून दुसऱ्यात जायचं तर एक पडदा वर जायचा, दुसरा खाली यायचा. नाटक कंपनीचा दौरा निघाला की हे पडदे गुंडाळून, गाडीत टाकून गावोगाव न्यायचे. म्हणजे रंग असा हवा की गुंडाळल्यावर त्याचे पोपडे उडू नयेत. कापडाला आधी खळ किंवा सरस चढवायचा, तो नीट वाळू द्यायचा, मग रंग लावायचा. सरस जास्त झाला तर कापड कडक होऊन तडकणार, कमी झाला तर रंग हाताला लागणार. ज्यांनी सेटसाठी कधी बारदानावर रंग लावलाय त्यांना ही डोकेदुखी लगेच ओळखू येईल.

पण पडद्याची खरी परीक्षा अंतराची. तीस-पस्तीस हात लांब असलेल्या प्रेक्षकाला खांब गोल वाटायला हवा, जिना वर चढतोय असं वाटायला हवं, आणि हे सगळं सपाट कापडावर! जवळून बघितलं तर तिथे फक्त रंगाचे जाड फटकारे असतात. म्हणजे काम करताना नाक कापडाला लागलेलं आणि डोळा शेवटच्या रांगेत. प्रॉप बनवणाऱ्याचा पहिला धडा हाच. वस्तू कशी आहे यापेक्षा ती कुठून दिसणार आहे, हे आधी ठरवायचं.

दुसरा धडा माणसांचा. नाटक कंपनीचं काम म्हणजे तारखेचं काम. गावात जाहिरात लागलेली, तिकिटं विकली गेलेली. पडदा पूर्ण झाला नाही ही सबब तिथे चालत नाही. बाबूरावांची पुढे हळू काम करणारे म्हणून ख्याती झाली. मनासारखं होईपर्यंत हातातली गोष्ट सोडायची नाही हा त्यांचा स्वभाव. पण उमेदवारीच्या वर्षांत ते अशा धंद्यात होते जिथे मनासारखं आणि वेळेवर, दोन्ही लागायचं.

‘राजा हरिश्चंद्र’ पाहिला आणि...

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. बाबूराव आणि आनंदराव दोघेही त्या प्रकाराने पार भारावले. इतकी वर्षं आपण जे कापडावर रंगवत होतो ते इथे हलतंय! सिनेमा काढायचा हे दोघांनी ठरवलं. ठरवणं सोपं होतं. अडचण एकच होती, कॅमेरा नव्हता.

फाळक्यांनी इंग्लंडला जाऊन सामान आणलं होतं. या भावांकडे तेवढे पैसे नव्हते, आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशातून यंत्र मागवणं आणखीच अवघड झालं. मुंबईच्या बाजारातून त्यांनी एक जुना प्रोजेक्टर मिळवला. सिनेमा दाखवायचं यंत्र. ते उघडून बघितलं की त्यातून फिल्म कशी सरकते ते कळतं. आणि सिनेमा दाखवण्याच्या आणि टिपण्याच्या यंत्राचं मूळ तत्त्व सारखंच असतं. मग आपणच कॅमेरा का करू नये?

ऐकायला हे आजच्या यूट्यूबवरच्या एखाद्या हॅकसारखं वाटतं. पण जरा विचार करा. सिनेमाचा कॅमेरा फिल्म सलग ओढत नाही. सेकंदाला साधारण सोळा वेळा ती थांबते, तेवढ्या क्षणात चित्र उमटतं, मग झडप बंद होते, एक आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात शिरून तिला बरोबर एका चौकटीएवढं खाली ओढतो, पुन्हा झडप उघडते. हे सगळं हाताने दांडा फिरवून. दाता किंचित जास्त घासला गेला तर पडद्यावरचं चित्र थरथरणार. झडपेची वेळ चुकली तर चित्र पुसट होणार. कुठून तरी उजेडाची एक रेघ आत शिरली तर सगळी फिल्म वाया. आणि ही चूक लगेच कळतही नाही. फिल्म धुतल्यावर, वाळवल्यावर, दाखवल्यावर कळते. मग पुन्हा सगळं खोलायचं, पुन्हा घासायचं.

हा खटाटोप चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूराव तेव्हा २६ वर्षांचे होते. ज्याच्याबरोबर स्वप्न बघितलं तो माणूसच नाही, कॅमेरा अर्धवट, हातात पैसा नाही. इथे थांबले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पडद्यांचं काम होतंच. पोट भरलं असतं.

बाबूराव थांबले नाहीत. आनंदरावांच्या हाताखाली शिकायला आलेला एक तरुण त्यांच्याबरोबर राहिला होता. विष्णुपंत दामले. पेणहून आलेला, यंत्रात उत्तम गती असलेला. या दोघांनी मिळून तो अर्धवट कॅमेरा पुरा करायला घेतला. १९१८ मध्ये तो चालू झाला. एका पडदे रंगवणाऱ्याने आणि त्याच्या शागिर्दाने कोल्हापुरात, स्वतःच्या हातांनी, चालणारा सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता.

कंपनी उभी राहते

त्याआधीच, १ डिसेंबर १९१७ रोजी, कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ स्थापन झाली होती. भांडवल कुठून आलं? मोठ्या शेठजीकडून नाही. तानीबाई कागलकर या गायिकेने पैसे घातले. ज्या धंद्याचं अजून काहीच सिद्ध झालेलं नाही, ज्याचा कॅमेराही पुरा झालेला नाही, त्यात एका कलावंत बाईने स्वतःची कमाई लावली. मराठी सिनेमाच्या इतिहासात हे नाव मोठ्या अक्षरात यायला हवं.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. महाभारतातली कीचकवधाची गोष्ट. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात तो झळकला. यात बाबूरावांनी दोन धाडसं केली.

पहिलं म्हणजे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. नाटकात तेव्हा पुरुषच लुगडं नेसून उभे राहत. सिनेमात काम करणं बायकांसाठी इतकं बदनामीचं मानलं जाई की फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटातली तारामतीही पुरुषच होता. ‘सैरंध्री’त गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी आल्या. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी. त्यांच्याच माणसांनी त्यांना दूर लोटलं आणि कंपनीच्या आवारातच राहायची वेळ आली, असं सांगतात. कामाची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही, हे या गोष्टीतून लख्ख दिसतं.

दुसरं धाडस म्हणजे कीचकवध. भीम झाले होते बाळासाहेब यादव, कीचक झाले होते झुंजारराव पवार. बाबूरावांनी हा वध इतका खराखुरा दाखवला की थिएटरमध्ये बायका बेशुद्ध पडल्या, आरडाओरडा झाला, असं त्या काळाबद्दल नेहमी सांगितलं जातं. शेवटी ते दृश्य काढावं लागलं.

आता प्रॉपच्या बाजूने याकडे बघा. अशा दृश्यांत कॅमेरा मध्येच थांबवून खऱ्या माणसाच्या जागी पुतळा ठेवण्याची युक्ती जगभर वापरली जात होती. युक्ती सगळ्यांना माहीत होती. पण पुतळा पुतळ्यासारखा दिसला की प्रेक्षक हसतो, आणि शोकाच्या जागी हसू आलं की सीन मेला. प्रेक्षकाचा विश्वास बसायचा तर अंगाची ठेवण, वजन, कपड्याची चुणी, सगळं बरोबर लागतं. ज्याने शिल्पं घडवली आहेत, ज्याला शरीराची घडण माहीत आहे, अशा माणसाच्या हातात हे सगळं होतं. ‘सैरंध्री’ बघून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले.

काळ्या-पांढऱ्याचं गणित

नाटकातून सिनेमात आलेल्या अनेकांनी सुरुवातीला एक सोपा मार्ग धरला. रंगवलेला पडदा मागे लावायचा आणि त्याच्यापुढे नट उभे करायचे. स्वतः पडदे रंगवण्यात उस्ताद असलेल्या बाबूरावांनी हा मार्ग सोडला. का? कारण कॅमेरा तीस हातांवर बसत नाही. तो जवळ येतो. शिवाय उन्हात नटाची सावली रंगवलेल्या खांबावर पडली की खांबाचं बिंग फुटतं. म्हणून त्यांनी लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभारायला सुरुवात केली. ज्या खोलीत माणूस खरंच राहतोय असं वाटेल अशी खोली. जी गोष्ट आपल्याला सगळ्यात चांगली येते तीच नव्या जागी लागू पडत नाही, हे ओळखून ती बाजूला ठेवणं फार कमी जणांना जमतं.

रंगांचंही तसंच. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसतच नसे. लाल वस्तू पडद्यावर काळी यायची. निळा मात्र फिकट, पांढुरका यायचा. म्हणजे लाल शालू आणि काळी घोंगडी पडद्यावर सारखीच! निळं आकाश पांढरंफटक. म्हणून सेटवर डोळ्याला काय छान दिसतं याला अर्थ नव्हता. प्रत्येक कापड, प्रत्येक भांडं, प्रत्येक दागिना फिल्मवर कोणत्या छटेत उतरेल याचा हिशोब आधी करावा लागे. बाबूराव चित्रीकरणाआधी पात्रांची, वेशभूषेची, हालचालींची रेखाटनं करून ठेवत. आज आपण ज्याला स्टोरीबोर्ड म्हणतो त्याच्याच जवळचं काम हे. लेन्सपुढे फिल्टर लावूनही ते छटांशी खेळत.

मध्ये एक मोठा घावही बसला. कंपनीला आग लागली आणि बरंच काही जळून गेलं. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य. तरी कंपनी पुन्हा उभी राहिली आणि १९२३ मध्ये ‘सिंहगड’ आला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला. तानाजीची लढाई रात्रीची. आणि तेव्हा चित्रीकरण व्हायचं ते सूर्यप्रकाशात. बाबूरावांनी विजेचे दिवे लावून हे प्रसंग टिपले. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा असा वापर पहिल्यांदा इथेच झाला, असं मानलं जातं. या चित्रपटात शेलारमामा झालेला तरुण होता व्ही. शांताराम.

प्रसिद्धीतही बाबूरावांचा ब्रश चालूच होता. चित्रपटाची मोठमोठी पोस्टर्स ते स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांनी केलेलं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय चित्र-पोस्टर्सपैकी एक मानलं जातं. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेल्या पुस्तिकाही त्यांनी फार लवकर काढायला सुरुवात केली होती. नाटकाच्या पडद्यापासून सिनेमाच्या पोस्टरपर्यंत हात एकच होता.

झोपडी उभी करणं कठीण

राजवाडा उभा करणं एका अर्थी सोपं असतं. राजवाडा कोणी रोज बघत नाही. थोडी सोनेरी झिलई, दोन झुंबरं, चार खांब, आणि प्रेक्षक मान्य करतो. पण झोपडी? ती सगळ्यांनी बघितलेली असते. चुलीजवळची भिंत कुठे काळी होते, माठ कुठे ठेवतात, दोरीवर काय वाळत असतं, हे प्रेक्षकाला नटापेक्षा जास्त माहीत असतं.

१९२५ मध्ये बाबूरावांनी हेच कठीण काम घेतलं. चित्रपट होता ‘सावकारी पाश’. एक गरीब शेतकरी, त्याची जमीन गिळणारा सावकार, आणि जमीन गेल्यावर पोटासाठी शहराकडे जावं लागणं. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. अंधारलेली, उदास झोपडी आणि बाहेर गळा काढणारं कुत्रं, हे त्यातलं दृश्य जाणकारांच्या लिखाणात आजही येतं. मूकपटात कुत्र्याचा आवाज ऐकू येणार नव्हता. तो आवाज डोळ्यांना ऐकवायचा होता. आणि त्यासाठी ती झोपडी खरी असावी लागली.

चित्रपट चालला का? नाही. तेव्हाच्या प्रेक्षकाला पडद्यावर स्वतःची गरिबी बघायची नव्हती. तो पौराणिक, ऐतिहासिक चित्रपटांच्या दिमाखाला सरावला होता. कंपनी पुन्हा त्याच वाटेला गेली. पण भारतातल्या वास्तववादी चित्रपटांची गोष्ट सांगायला बसलं की सुरुवात याच चित्रपटापासून करावी लागते. बाबूरावांनाही ही गोष्ट सोडवेना. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा केला.

शागिर्द निघून जातात

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही नावाला कंपनी, प्रत्यक्षात एक शाळाच होती. दामले तिथेच घडले. कागलचे फत्तेलाल तिथेच घडले. शांताराम तिथे आले तेव्हा पडेल ते काम करत. झाडलोटीपासून सुरुवात, मग सामान उचलणं, मग पडदे, मग लॅब, मग अभिनय. नवख्या माणसाला कोणतं काम मोठं आणि कोणतं छोटं हे ठरवायचा अधिकार नसतो. आणि ते बरंच असतं. कारण त्याच काळात तो सगळ्याच कामांत डोकावू शकतो.

पण शाळेतून मुलं बाहेर पडतातच. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली. बाबूरावांच्या कंपनीतले बिनीचे हातच एकदम गेले. पुढच्या काही काळात बाबूराव स्वतःही कंपनीतून बाहेर पडले. मूकपटांचं युग संपत आलं होतं. त्याच्याबरोबर महाराष्ट्र फिल्म कंपनीचाही शेवट झाला.

हा भाग वाचताना वाईट वाटतं. ज्यांना हात धरून शिकवलं ते आपल्याशिवाय पुढे गेले, आणि खूप पुढे गेले. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला. त्यातलं शेवटी वैकुंठाला जाणारं विमान आठवा. ते करणाऱ्या हातांचा पाया कोल्हापूरच्या पडद्यांवर, त्या अर्धवट कॅमेऱ्यावर पक्का झाला होता. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. त्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. आज तिथे आर्ट डिरेक्शन आणि प्रॉडक्शन डिझाइन रीतसर शिकवलं जातं. ज्या विषयाला बाबूरावांच्या वेळी नावही नव्हतं, त्याचा आता कोर्स आहे, आणि तो अशा आवारात आहे जिथे त्यांचे शागिर्द काम करत होते.

बाबूरावांनी पुढे ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले. ‘लोकशाहीर रामजोशी’ या १९४७ च्या चित्रपटात ते आणि शांताराम पुन्हा एकत्र आले. पण त्यांचा जास्त वेळ पुन्हा चित्रं आणि शिल्पं यांत जाऊ लागला. सुरुवात जिथे केली तिथे. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. लोकांनी त्यांच्या नावापुढे ‘कलामहर्षी’ लावलं ते आजवर टिकून आहे.

उरलं काय?

त्यांचे बहुतेक मूकपट आज अस्तित्वात नाहीत. सेट तर चित्रीकरण संपल्यावरच मोडले गेले असणार. रंगवलेले पडदे विरले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहही आगीत सापडलं, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. प्रॉप, सेट, पडदा या गोष्टी टिकण्यासाठी बनवलेल्याच नसतात. दोन तासांचा खेळ संपला की त्यांचं काम संपतं. कोल्हापुरात खरी कॉर्नरला दगडी चौथऱ्यावर एक कॅमेरा उभा आहे. जाणारे-येणारे त्याच्या बाजूने गाड्या काढतात. कधी गेलात तर दोन मिनिटं थांबा.

टिकलं ते शिकणं. आनंदरावांकडून बाबूरावांकडे, बाबूरावांकडून दामले, फत्तेलाल, शांताराम यांच्याकडे आणि तिथून पुढे कितीतरी हातांत.

म्हणून यंदा तुमच्या एकांकिकेत तुम्हाला बॅकस्टेजला टाकलं असेल तर तोंड पाडू नका. यादीतला तो कंदील घ्या. आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि तो तिथून कसा दिसायला हवा ते ठरवा. मग घरातला किंवा जुन्या बाजारातला खरा कंदील हातात घेऊन बघा. त्याची कडी कुठे झिजते, काच कुठे काळी होते, उचलला की हात किती खाली जातो. मग लाकूड, पत्रा, कागदाचा लगदा, जे परवडेल त्यात करायला घ्या. पहिला बिघडेल. बिघडू द्या, पण फेकू नका. कुठे बिघडला ते बघा आणि दुसरा करा. तिसऱ्या दिवशी तालमीत नटाच्या हातात द्या आणि तो नाटक विसरून कंदिलाकडे बघत नाही ना, एवढं तपासा. तो बघत नसेल, तर कंदील जमला.

आणि काम संपल्यावर एक करा. पुढच्या वर्षी जो फर्स्ट इयरचा मुलगा रोल मिळाला नाही म्हणून हिरमुसून कोपऱ्यात येऊन बसेल, त्याच्या हातात कटर द्या आणि शेजारी बसवून घ्या.